राजारामपुरीतला प्रोजेक्टरवाला: काम चोख, बिलाचा पत्ता नाही

दहावीला वर्गसमीकरणं चालू होती. स्लाइडवर होतं एक्सचा वर्ग अधिक ५ एक्स अधिक ६ बरोबर शून्य. शेवटच्या बाकावरच्या पोरीनं उत्तर काढलं वजा १. वही बघितली तर पहिल्या पदावरचा २ तिनं घेतलाच नव्हता. एक्स आणि ५ एक्स मिळून ६ एक्स, आणि पुढचं सगळं गणित बिनचूक! ओरडणारच होते, पण तिच्या शेजारी जाऊन बसले तर तो २ मलाही दिसेना. मग वजा २ आणि वजा ३ तिला कुठून मिळणार?

प्रोजेक्टर म्हातारा झाला, जास्त ल्युमेनचा, म्हणजे जास्त उजेडाचा, नवीन घेऊ, असं ठरवून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही. दुकानदार म्हणाला, "नवीन कशाला घेतायसा मॅडम? आधी वर्ग बघू की." गल्ल्यावर बसलेला माणूस असं बोलतो हेच मला नवीन.

"उद्या येतो" म्हणाला आणि चौथ्या दिवशी उगवला. दोन फोन केले, दोन्ही वेळा "निघालोच". आल्यावर मात्र चहासुद्धा बाजूला ठेवून कामाला लागला.

आमच्या प्रोजेक्टरचं मूळ रेझोल्यूशन, म्हणजे चित्रातले आडवे आणि उभे ठिपके, १०२४ × ७६८, आणि माझा लॅपटॉप पाठवत होता १३६६ × ७६८. एवढं रुंद चित्र बसवायचं तर प्रोजेक्टर ते सगळीकडून आवळतो. लॅपटॉपवरच्या ठिपक्यांच्या दर चार ओळींच्या जागी भिंतीवर तीनच उरतात. मोठी अक्षरं हे सोसतात. घातांकातला बारका २, अपूर्णांकाची आडवी रेघ, दशांश चिन्ह यांचा भुगा होतो. त्यानं लॅपटॉपही १०२४ × ७६८ वर आणला. लॅपटॉपचा पडदा आता ताणल्यासारखा दिसतो, पण भिंत मी पोरांसाठी वापरते, लॅपटॉप माझ्यासाठी.

शिवाय प्रोजेक्टर दोन जुन्या हजेरीपटांवर तोंड वर करून बसवलेला, आणि चित्र वर फाकतं म्हणून मीच कीस्टोन, म्हणजे तिरपं चित्र चौकोनी करायची सोय, वाढवून ठेवलेला. तेही चित्र आवळणंच की! हजेरीपट काढले, प्रयोगशाळेतलं उंच टेबल आणलं, कीस्टोन शून्यावर. व्हीजीए, म्हणजे जुन्या पद्धतीची ॲनालॉग केबल होती, म्हणून रिमोटवरचं ऑटोचं बटण दाबलं, तशी अक्षरांची थरथर थांबली. फिल्टरमधून निघालेली खडूची पूड बघून शिपाईमामा म्हणाले, "यात अजून एक धडा लिहून झाला असता."

खिडक्यांचं त्याचं बोलणं तर मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे. "प्रोजेक्टर काळा रंग टाकतच नाही मॅडम. तिथं नुसता उजेड टाकायचा थांबतो. भिंतीवर ऊन आलं तर काळं कुठनं दिसायचं?" महाद्वार रोडवरून गडद कापड आणलं आणि भिंतीजवळच्या दोनच खिडक्या झाकल्या. मागच्या उघड्याच ठेवल्यात, नाहीतर दुपारच्या तासाला अर्धा वर्ग झोपतो.

बाकीचा दोष माझा. पांढऱ्यावर पिवळ्या रेघा मी काढल्या होत्या, बालभारतीच्या पीडीएफचं अख्खं पान एकदम मीच दाखवत होते. रविवारी बसून जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमधल्या रेघा जाड केल्या, पिवळ्याचं गडद निळं केलं, पुस्तकातलं एकेक उदाहरण कापून मोठं केलं. एका स्लाइडवर एकच गणित. सोमवारी तीच स्लाइड लावली, तर शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, इथं वर्ग आहे की!"

माणसानं घेतले ३५० रुपये, नवीन काही विकलं नाही. कामाला पाचपैकी पाच, वेळेला दोन. बिल "व्हॉट्सअॅपवर टाकतो" म्हणाला त्याला तीन आठवडे झाले. ऑफिसात बिलाशिवाय पैसे निघत नाहीत, त्यामुळे ते ३५० सध्या माझ्याच पर्समधून गेले आहेत.