सातवीचं प्रगतिपुस्तक: दोन्ही सत्रं वापरून झाल्यावर

राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांतलं प्रगतिपुस्तक वर्षभर भरून आणि पालकांना समजावून झाल्यावरचं मत: गुणांचा तक्ता चांगला, श्रेणीचा रकाना फसवा, आणि वर्णनात्मक नोंदी सगळ्यांत मोलाच्या असून सगळ्यांत जास्त वाया जाणाऱ्या.

चौकट 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयातली. सातवी-आठवीला प्रत्येक विषयात आकारिक (सत्रभर वर्गात होणाऱ्या कामाचे) 40 आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) 60 गुण; संकलितमध्ये 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिक, 50 लेखी. सहावीला मात्र 50-50. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांचे सगळे 100 गुण आकारिकच. बेरजेवरून श्रेणी: 91 पासून अ-1, 81 पासून अ-2, मग ब-1, ब-2 असं उतरत 33 ते 40 ला ड, त्याखाली इ-1 आणि इ-2.

गडबड या बेरजेत आहे. एकाला आकारिक 36, संकलित 27. दुसऱ्याला 22 आणि 41. दोघांचे 63, दोघंही ब-2. पहिला वर्गात, प्रकल्पात, स्वाध्यायात बरा, पण लेखी पेपरात कोसळतो. दुसऱ्याला पेपर जमतो, वह्या अपुऱ्या. उपाय अगदी उलट, पण घरी फक्त ‘ब-2’ वाचलं जातं आणि दोघांनाही तीच शिकवणी लागते. (पहिल्याचे 36 खरंच कमावलेले की सढळ हाताने दिलेले, हेही विचारावं. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी यांचे गुण वेगवेगळे नोंदवलेले असतात. वर्गशिक्षकांकडे मागितले तर दिसतात.)

सहावीतून सातवीत जाताना आणखी एक गोंधळ होतो. सहावीत 46 आणि 26, म्हणजे 72, ब-1. सातवीत कामगिरी तंतोतंत तशीच राहिली तर साधारण 37 आणि 31, म्हणजे 68, ब-2. मूल घसरलेलं नसतं, लेखीचं वजन वाढलेलं असतं. पालक सभेत हे आधीच सांगितलं तर निम्मे वाद टळतात.

वर्णनात्मक नोंदींचे रकाने तीन: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. पन्नास-साठ मुलांच्या नोंदी शेवटच्या आठवड्यात उरकल्या की छापील नमुन्यांतून ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ उतरतं. त्याचा उपयोग शून्य. ‘अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करत नाही’ ही नोंद मात्र घरी लगेच कामाला येते. त्यासाठी महिन्याला प्रत्येक मुलाची एक ओळ वहीत टिपून ठेवावी लागते. सत्राअखेर आठवून लिहिता येत नाही.

आठवीला पहिल्या सत्राचा निकाल हलक्यात घेऊ नये. डिसेंबर 2023 च्या निर्णयानंतर वार्षिक परीक्षेत विषयात 35 टक्के हवेत, नाहीतर पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तर पुन्हा आठवीच.

सगळ्यांत मोठा दोष वेळेचा. दुसऱ्या सत्राचं पुस्तक 1 मेच्या सुमारास मिळतं. तेव्हा सुट्टी लागलेली, जूनमध्ये शिक्षकही बदललेले. म्हणून ‘सुधारणा आवश्यक’ रकान्याचा फोटो काढून ठेवावा आणि जूनच्या पहिल्या भेटीत नव्या वर्गशिक्षकांना दाखवावा.