नऊ महिने ॲलोप्युरिनॉल: एका अंगठ्याची हकिकत

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर मी दिवाणजी आहे. फेब्रुवारीत हळदीचे सौदे जोरात असतात. दिवसभर हिशेब, जेवणाची वेळ चुकलेली, पाणी प्यायचंही भान नाही. त्यात रविवारी पाहुण्यांच्या गावची जत्रा. मटण झालं, वर दोन बिअर.

सोमवारी रात्री दोनला जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्यामुळं. अंगठा दाराच्या फटीत सापडलाय आणि दार कुणी उघडतच नाही, असं काहीतरी. दिवा लावून बघितलं तर अंगठ्याचं बूड लालभडक, कातडी ताणून चकाकत होती. पांघरूण टेकलं तरी जीव जायचा. शेवटी बायकोनं पायावर बेदाण्याचं रिकामं खोकं पालथं घातलं आणि त्यावरून चादर टाकली. पहिल्या आठवड्यात सगळ्यात कामाला आलेली वस्तू विचाराल तर ते खोकं.

सकाळी आईनं ऊन ऊन हळदीचा लेप लावला. हळदीच्या पेढीवरच्या माणसाला दुसरं काय लावणार! दहा मिनिटांत ठणका असा वाढला की लेप धुताना मी लहान पोरासारखा ओरडलो. मला आराम पडला तो फडक्यात गुंडाळलेल्या बर्फानं.

पहिल्या दवाखान्यात गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधा सुजण्याची, शंका म्हणून रक्तातलं युरिक ॲसिड तपासलं. आलं 6.4. रिपोर्टवर 7.2 पर्यंत नॉर्मल छापलेलं, म्हणून "गाऊट नाही, जंतुसंसर्ग दिसतोय" असं सांगून अँटिबायोटिक दिलं. पाच दिवस फरक नाही. मग रिक्षा करून मिरजेला गेलो. वाटेतला प्रत्येक स्पीडब्रेकर अंगठ्यानं मोजला. तिथल्या डॉक्टरांनी आधी अंगठा बघितला, मग रिपोर्ट. म्हणाले, ऐन अटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड पुष्कळदा खाली आलेलं दिसतं; दुखणं बसल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. मार्चमध्ये तपासलं: 8.9.

त्यांनी समजावलेलं मला पटलं ते काकवीमुळं. काकवी थंडीत ठेवली की बरणीच्या बुडाला खडे धरते. रक्तात युरिक ॲसिड साधारण 6.8 च्या वर गेलं की तेही असंच सुईसारखे स्फटिक धरायला लागतं, आणि शरीरात पाय हा सगळ्यात गार भाग. म्हणून पहिला मान बहुतेक वेळा अंगठ्याचा.

अटॅकसाठी कोल्चिसिन दिलं. ही गोळी पोटाला चांगलीच लागते. मला तिसऱ्या दिवसापासून जुलाब. पण ठणका दीड दिवसात निम्म्यावर आला. नंतर कळलं की आपल्याकडं हे औषध कळलावीच्या बियांपासून काढतात. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं येतात ती. लहानपणी आजी हात लावू द्यायची नाही, विषारी म्हणून, आणि ते खरंच आहे. कुणी कंद उगाळून द्यायला आलाच तर त्याला दारातूनच परत पाठवा. जिच्या नावात कळ, तिच्यातल्या मोजून घेतलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमनं माझी कळ थांबवली, एवढं मात्र मान्य.

आता मुख्य गोळी, युरिक ॲसिड खाली आणणारी ॲलोप्युरिनॉल. रोज 100 मिलिग्रॅमनं सुरुवात, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. सोबत काही महिने कोल्चिसिनचा बारीक डोस चालू ठेवायला सांगितला होता. अंगावर पुरळ, ताप किंवा तोंड आलं तर गोळी तिथंच बंद करून फोन करा, हे त्यांनी दोनदा बजावलं. मला तसलं काही झालं नाही.

झालं ते वेगळंच. जुलाबाला कंटाळून मी कोल्चिसिन परस्पर सोडलं. एप्रिलमध्ये डावा घोटा सुजला. पेढीवर सगळे डॉक्टरच. "दिवाणजी, गोळीच उलटली तुम्हाला," हमाल म्हणाले. मलाही तेच वाटलं. गोळी घेत नव्हतो तेव्हा एक अटॅक, घ्यायला लागलो तर महिन्यात दुसरा. हिशेब सरळ होता. ॲलोप्युरिनॉलही बंद केलं आणि पथ्य धरलं: डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. दोन महिने आमटीशिवाय भाकरी! घरात माझ्यामुळं सगळ्यांची तोंडं वाकडी. जूनमध्ये तपासलं तर 8.8.

डॉक्टर चिडले नाहीत, हसले, ते जास्त लागलं. हळद पॉलिशला टाकली की ड्रममधून आधी धुरळाच उडतो ना, त्यातलाच हा प्रकार. गोळीनं युरिक ॲसिड खाली यायला लागलं की सांध्यात वर्षानुवर्षं बसलेले स्फटिक विरघळून सुटायला लागतात आणि त्यातून अटॅक येऊ शकतो. तेवढ्यासाठीच ते बारीक कोल्चिसिन होतं. म्हणजे मी नेमकी चुकीची गोळी आधी सोडली आणि बरोबर काम करणारी नंतर. जुलाबाचं त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी डोस कमी केला असता. आता कोल्चिसिनची रोज एकच घेतो, पोट ठीक आहे.

आमटी परत सुरू झाली. डाळी-भाज्यांचा फारसा दोष नाही म्हणाले. बंद काय, तर बिअर, कलेजी, पाया सूप (पायाच्या दुखण्याला पाया पाजणारे आमचे पाहुणे!), सुकट कमी, आणि मला सगळ्यात जड गेलेला उसाचा रस. साखरेतलं फ्रुक्टोजही युरिक ॲसिड वाढवतं. उसाच्या जिल्ह्यात राहून उन्हाळ्यात रसवंतीसमोरून तसंच पुढं जायचं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. कडक उपासही नको, त्यानंही आकडा चढतो. एकादशी आता फळं आणि पाण्यावर. पथ्यानं एखादा आकडा खाली येतो, बाकीचं काम गोळीचं.

आणखी एक गोष्ट निघाली. माझ्या बीपीच्या गोळीच्या नावापुढं 'एच' होतं, म्हणजे तिच्यात लघवी वाढवणारं औषध. त्यानंही युरिक ॲसिड वाढतं. ती बदलून लोसार्टन दिली, जी उलट थोडं खाली आणते. पहिल्या दवाखान्यात ही गोळी कुणी विचारलीच नव्हती.

मधल्या काळात ऑनलाइन मागवलेलं घरी तपासायचं यंत्र: एकाच बोटाला दहा मिनिटांत 7.1 आणि 8.0. कपाटात पडून आहे. चेरीचा अर्कही मागवला होता, चव बरी.

जूनपासून 100, मग 200, आता 300 मिलिग्रॅम, दर वेळी किडनीची तपासणी करून. ऑगस्टमध्ये अंगठा एक दिवस कुरकुरला, बर्फ लावून दुसऱ्या दिवशी कामावर. सप्टेंबरात 6.7, या महिन्यात 5.6. डॉक्टरांना 6 च्या खाली कायम हवंय. किती वर्षं, विचारल्यावर म्हणाले, बीपीची गोळी किती वर्षं घेताय? तक्रार एवढीच की रोज आठवण ठेवावी लागते. बायकोनं डबी चहाच्या बरणीशेजारी ठेवलीय.

पलूसला आमचे थोरले चुलते आहेत, आप्पा. त्यांच्या कोपरावर लिंबाएवढ्या गाठी आहेत आणि वीस वर्षं दर हिवाळ्यात त्यांचा "पाय मुरगळतो". एक गाठ फुटून पांढरं खडूसारखं आलं होतं तेव्हा चुन्याची गाठ म्हणून त्यांनी पट्टी बांधून सोडून दिलं. तेही युरिक ॲसिडच असावं असं वाटून परवा गाडीत घालून त्यांना मिरजेला नेलं. सगळी वाट म्हणत होते, "मला काय झालंय रं, तूच बस दाखवत." रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या संध्याकाळी.