जिंजाचा फोर्क सांभाळताना: वर्षभराच्या वापरानंतर

निपाणी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या काही सौहार्द पतसंस्थांना आम्ही पावत्या, थकबाकीच्या नोटिसा आणि सोनेतारण लिलावाच्या जाहिराती तयार करणारं सॉफ्टवेअर देतो. मजकुराचे साचे संस्थेतले क्लार्कच लिहितात, एक मराठीत, एक कानडीत. खाली इंजिन जिंजा, म्हणजे साच्यात नावं-आकडे भरून मजकूर तयार करणारं, पायथॉन भाषेतलं; फ्लास्क या वेब-फ्रेमवर्कसोबत येतं तेच. परवाना बीएसडीचा, म्हणजे मुक्त वापराचा, त्यामुळे फोर्क करायला (मूळ कोडची आपली वेगळी प्रत काढून ती बदलायला) कुणाला विचारावं लागत नाही. मूळ कॉपीराइटची नोंद आणि परवान्याचा मजकूर तेवढा जपायचा.

फोर्क करावा लागला तो आकड्यांपायी. साच्यात ‘हप्ते > ३’ अशी अट घातली की ‘हप्ते’ हे नाव जिंजा मुकाट्याने घेतो, ३ वर मात्र अडतो आणि नावात चुकीचं अक्षर आहे म्हणून एरर देतो. निपाणीच्या एका अक्कांचा फोन आला, “आकडा बरोबरच घातलाय की वो!” बरोबरच होता. पण लेक्सर, म्हणजे साच्याचे तुकडे पाडून नाव कोणतं नि आकडा कोणता ते ओळखणारा भाग, त्याच्या पूर्णांकाच्या नियमात पहिला अंक इंग्रजीच लागतो. तिथून सुटलेला ३ नावांच्या नियमात सापडतो, आणि नावाची सुरुवात अंकाने चालत नाही.

साचा वाचण्याआधी सगळे आकडे इंग्रजी करून टाकणं सोपं होतं. पण मग नोटिशीतली रक्कमही इंग्रजी आकड्यांत छापली जाते, आणि ते संस्थेला नको. म्हणून लेक्सरलाच हात घातला. पायथॉनच्या इंट या पूर्णांक बनवणाऱ्या फंक्शनला देवनागरी काय, कानडी काय, सगळे अंक कळतात, त्यामुळे पूर्णांकाचं काम थोडक्यात भागलं. दशांशाने जास्त छळलं. १२.५ मूळ नियमात बसतो, पण पुढे तो लिटरल-इव्हॅलकडे, म्हणजे आकडा पायथॉनच्या कोडसारखा वाचणाऱ्या फंक्शनकडे, जातो आणि तिथे आपटतो. त्याऐवजी फ्लोट हे दशांश बनवणारं फंक्शन वापरलं. हा बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवलेला नाही. खुद्द पायथॉनच्या कोडमध्ये देवनागरी आकडा चालत नाही, मग आमची ही नड त्यांच्या गळ्यात कशाला?

बाकी काहीही फोर्कमध्ये येऊ द्यायचं नाही, यावर मी अडून बसलो. मोह पुष्कळ झाले. उदाहरणार्थ वर्डकाउंट. हा फिल्टर (मजकुरावर प्रक्रिया करणारं छोटं फंक्शन) पायथॉनच्या रेगेक्सवर, म्हणजे अक्षरांचा नमुना शोधणाऱ्या सूत्रावर, शब्द मोजतो, आणि त्या रेगेक्सच्या लेखी काना-मात्रा अक्षरात जमा नाहीत. म्हणून ‘बेळगाव’ तीन शब्द भरतं आणि ‘खानापूर’ चार! कानडीलाही तोच न्याय. शब्दांवर पैसे मोजायच्या जाहिरातीत हे परवडणारं नाही. पण फिल्टर बाहेरूनही बदलता येतो, त्यासाठी इंजिन उघडायची गरज नाही. मजकूर छाटणाऱ्या ट्रंकेट फिल्टरला शब्द तोडायची मुभा दिली तर तो जोडाक्षर मधेच तोडून पाय मोडलेला क् लोंबकळत ठेवतो, त्यालाही बाहेरूनच पर्याय दिला.

खरा खर्च येतो सुरक्षेच्या आवृत्त्यांवर. आमचे साचे बाहेरची माणसं लिहितात, म्हणून सँडबॉक्स, म्हणजे साच्याला नको ते करू न देणारं कुंपण, लागतंच. डिसेंबर २०२४ च्या ३.१.५ मध्ये आणि मार्च २०२५ च्या ३.१.६ मध्ये सँडबॉक्समधून निसटण्याच्या वाटा बुजवल्या गेल्या. अशी आवृत्ती आली की हातातलं काम टाकून रिबेस करायचा (आमचा बदल नव्या आवृत्तीवर पुन्हा चढवायचा), चाचण्या चालवायच्या आणि प्रत्येक संस्थेत नवी प्रत पोचवायची. मूळ जिंजा वापरणाऱ्याचं हे काम पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या एका कमांडमध्ये होतं. आमचा बदल एका फाइलपुरता असल्याने रिबेस सहसा विनातक्रार होतो, पण तो करायला माणूस जागेवर लागतो. गणपतीत निम्मं ऑफिस गावाला गेलेलं असतं तेव्हा हे विशेष जाणवतं.

पॅकेजच्या नावाचाही एक खड्डा आहे. फोर्कला वेगळं नाव दिलं तरी फ्लास्क मूळ जिंजा ओढून आणतोच. दोघांचं मॉड्यूल एकाच नावाचं असेल तर शेवटी बसलेलं पहिल्यावर चढतं. आम्ही नाव तेच ठेवलं आणि आवृत्तीपुढे अधिकचं चिन्ह लावून आमची खूण जोडली. अशी आवृत्ती पायपीआय, म्हणजे पायथॉन पॅकेजांचं सार्वजनिक भांडार, घेत नाही, म्हणून थेट आमच्या गिटमधल्या कोडमधून बसवतो.

पाचपैकी साडेतीन तारे. ज्यांना फक्त फिल्टर, टॅग किंवा एररचा मजकूर बदलायचाय त्यांनी फोर्कच्या नादी लागू नये, जिंजात त्यासाठी रीतसर सोयी आहेत. लेक्सरलाच हात घालावा लागत असेल आणि रिबेस करायला ठरलेला माणूस असेल, तर खुशाल करा. आमच्याकडे सध्या तो माणूस मीच आहे, दुसरा तयार करतोय.