पन्हळीवरची जाळी: बेलापूरच्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

छपराच्या कडेला पावसाचं पाणी गोळा करणाऱ्या पन्हळीवर जाळी बसवली की पुन्हा शिडी लावायला नको, असं बसवून देणारे सगळेच सांगतात. मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत वापरून माझं मत असं झालंय की शिडी लावावीच लागते, फक्त वर चढून करायचं काम बदलतं. आधी कुजलेल्या पाल्यात कोपरापर्यंत हात घालावा लागायचा, आता ब्रश फिरवून खाली उतरता येतं. मला एवढ्यानेही पैसे वसूल झाले असं वाटतं. मात्र हे सुख प्रत्येक जाळी देत नाही, आणि मुळात पन्हळच नीट बसली नसेल तर कुठलीच जाळी देत नाही.

आमचं घर नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला, सेक्टर ८ च्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, आणि कुटुंब वाढेल तसं घर वाढवता यावं म्हणून प्रत्येक घर सुटं. माणसांच्या दृष्टीने फार विचार करून केलेली रचना आहे ही. पण सुट्या घरांची उतरती छपरं म्हणजे प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाने सांभाळायचं. वाढीव बांधकामं होत होत आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामधली बोळ इतकी अरुंद झाली की पन्हळ तुंबली की आमच्या पागोळ्या थेट त्यांच्या भिंतीवर. त्यांच्या स्वयंपाकघराला ओल यायची ती आमच्या छपरामुळे. जुनी पन्हळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची होती आणि सांध्यांवर गंजून चाळण झाली होती, म्हणून सगळं नव्याने करायचं ठरलं.

जाळीआधी पन्हळीबद्दल लिहिते, कारण खरी गोम तिथेच आहे.

छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरला एक लिटर पाणी जमतं. आमच्या एका बाजूच्या उतारावर साधारण तीस चौरस मीटर छप्पर आहे. तासाला साठ मिलिमीटरची सर आली तर अठराशे लिटर, म्हणजे मिनिटाला तीस लिटर. आपल्याकडे जुलैत अशी सर येते, आणि मधली पाच-दहा मिनिटं तर याच्या दुप्पट जोर असतो. हे सगळं पाणी एका तोंडातून खाली जायचं असतं. जुनं तोंड आणि पाणी खाली आणणारा डाउनटेक पाइप ७५ मिलिमीटरचा होता, आणि तोंडाखाली लगेच काटकोनातला बेंड. आंब्याचं एक पान त्या बेंडमध्ये आडवं बसलं की त्यामागे सगळा गाळ साठायचा. नव्या कामात पाइप ११० चा घेतला, काटकोनाच्या जागी दोन ४५ अंशांचे बेंड लावले आणि खालच्या बेंडला झाकण असलेला, उघडता येणारा तुकडा बसवून घेतला. अख्ख्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला खर्च हाच. पाइपमध्ये काही अडकलंच तर आता जमिनीवर उभं राहून झाकण काढायचं, बस.

दुसरी गोष्ट ढाळ, म्हणजे पाणी तोंडाकडे वाहावं म्हणून पन्हळीला दिलेला उतार. दर दहा फुटांना पाव ते अर्धा इंच पुरतो. फॅब्रिकेटर दादा ‘नजरेने लावतो, वर्षानुवर्षं लावतोय’ म्हणत होते. मी लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावायचा आग्रह धरला आणि त्यांनीही तो मनावर घेतला. बसवून झाल्यावर वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून बघितलं, कुठेही डबकं राहिलं नाही. नवी पन्हळ बसवणाऱ्या प्रत्येकाने ही परीक्षा कामगार घरी असतानाच घ्यावी, पैसे द्यायच्या आधी.

ब्रॅकेट दर दोन फुटांवर घेतले. तीन फुटांवर लावायची पद्धत आहे, पण पाच इंची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली की मीटरला सहा किलो नुसतं पाणीच होतं, ओला पाला वेगळा. अंतर जास्त ठेवलं की मध्ये झोळ येतो, झोळात पाणी साचतं आणि आठवडा-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात वाढतो. महापालिकेची माणसं अळ्या शोधायला घरी येतात तेव्हा कुंड्या, ड्रम, टाक्या बघतात, छपराच्या कडेला कोणी बघत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

आता जाळ्या. एकाच घरावर तीन प्रकार लावले, कारण कुठल्या एकावर विश्वास बसत नव्हता. समोर कौलांच्या बाजूला बारीक विणीची स्टीलची जाळी, मागे वाढवलेल्या खोलीच्या पत्र्याला प्लास्टिकची चौकड्यांची जाळी, आणि बाजूच्या छोट्या पन्हळीत फोमचे लांब ठोकळे.

फोम घेऊ नका. पहिले काही दिवस पाणी छान झिरपतं. मग छपरावरची माती त्याच्या भोकांत बसते आणि तो ओला राहतो. गौरी-गणपतीच्या सुमारास त्यावर गवत उगवलं होतं, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली पिंपळाची दोन रोपंही. पिंपळाचं मूळ एकदा भिंतीत शिरलं की निघत नाही. त्याच आठवड्यात सगळा फोम काढून टाकला.

प्लास्टिकची जाळी स्वस्त आहे, कात्रीने कापून घरच्या घरी बसवता येते. मोठी पानं ती अडवते, यात शंका नाही. पण आमच्या गल्लीत सोनमोहर आहे. त्याच्या पिवळ्या पाकळ्या आणि बारीक पानं त्या चौकड्यांतून अर्धी आत जातात आणि तिथेच अडकतात. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून. एरवी आगोटीच्या तयारीला जूनचा पहिला आठवडा तरी हाताशी असतो. त्या वर्षी झाड फुललेलं असतानाच पाऊस सुरू झाला. पाकळ्या वाळून उडून जायच्याऐवजी भिजून जाळीला चिकटल्या आणि मागची पन्हळ पहिल्याच मोठ्या पावसात ओसंडली. शिवाय अडकलेला कचरा वरून झाडता येत नाही, जाळी उचलून उलटी करून झटकावी लागते. उन्हाने प्लास्टिक आत्ताच कडक झालंय, क्लिपा तुटायला लागल्यात.

स्टीलची जाळी महाग पडली, पन्हळीपेक्षाही महाग. पण तिच्यावर पाकळ्या वरच राहतात. चार तास ऊन पडलं की बऱ्याचशा वाऱ्याने जातात, उरलेल्या लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने एका फटक्यात. आतली पन्हळ मी ऑक्टोबरमध्ये उघडून बघितली. तळाला बोटभर रुंदीची बारीक मातीची रेघ होती, बाकी काही नाही. कावळ्यांच्या काड्या नाहीत, पारव्यांची पिसं नाहीत.

तिचेही दोष आहेत. पहिल्या सरीला उन्हाळाभराची धूळ, परागकण आणि झाडाचा चिकटा यांचा पातळ थर जाळीची भोकं झाकून टाकतो. मग पाणी आत न जाता जाळीवरून घसरत पुढच्या काठावरून सरळ खाली पडतं. नवी जाळी असूनही पन्हळ वाहत नाही असं वाटलं तर आधी ब्रश मारून बघा. श्रावणात सावलीच्या भागात शेवाळ धरतं, तेव्हा पुन्हा एकदा घासावी लागते. जाळी अगदी सपाट न बसवता छपराच्या उताराकडे थोडी कललेली ठेवली तर कचरा टिकत नाही. आमची एका कोपऱ्यात सपाट बसली आहे आणि शेवाळ नेमकं तिथेच आहे. जाळी ३०४ प्रतीच्या स्टीलची आहे. पनवेलची खाडी जवळ असल्याने खारा वारा लागतो आणि काही ठिकाणी चहासारखे तपकिरी डाग आलेत. भोकं पडलेली नाहीत, पण खाडीच्या अगदी काठावर राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेत जास्त टिकणारी ३१६ प्रतीची मागावी.

पन्हळ यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची असेल तर सांध्यात थोडी फट सोडली आहे ना, हे बघून घ्या. चार मीटरची लांबी तीस अंशांच्या फरकाला आठ मिलिमीटरच्या आसपास वाढते. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पन्हळीला फुगायला जागा नसेल तर सांधा उचकटतो आणि पावसात तिथूनच गळतं. सांधे सिलिकॉनने घट्ट चिकटवू देऊ नका, रबरी सीलवरच राहू द्या.

चढण्याबद्दल तळमळीने सांगते. पाऊस पडत असताना चढू नका, कितीही ओसंडत असलं तरी. शेवाळलेल्या कौलांवर पाय ठेवू नका. शिडी चार फूट उंचीला एक फूट भिंतीपासून लांब, खाली धरायला माणूस, आणि शिडीचं टोक पन्हळीवर न टेकता भिंतीवर. वरून विजेची सर्व्हिस वायर जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी त्या बाजूला नेऊच नका. हातात जाड मोजे घाला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला घोण आणि विंचू पाल्यात असतात.

एक अनपेक्षित फायदा म्हणजे पाणी. समोरच्या पाइपला तोटी देऊन दोनशे लिटरचा ड्रम जोडला आहे. त्या उतारावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी तो भरून वाहतो. पहिल्या सरीचं घाण पाणी वाहू देते, मग तोटी फिरवते. झाडांना आणि अंगण धुवायला ते पुरतं. ड्रमच्या तोंडाला मलमलचा दुहेरी कपडा घट्ट बांधलेला असतो, डासांसाठी.

शेजारच्या काकूंची भिंत या पावसात कोरडी राहिली. त्यांनी दिवाळीत स्वयंपाकघराला नवा रंग दिला.

मागची प्लास्टिकची जाळी होळीच्या आत काढून तिथेही स्टीलची बसवणार आहे, आणि या वेळी कल मोजून. सोनमोहराच्या छपरावर आलेल्या दोन फांद्यांसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज देणार आहे; १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे अंगणातल्या झाडाचीही फांदी परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज जानेवारीतच केलेला बरा, मेमध्ये सगळ्यांनाच घाई असते.