हेवी रेन: खुनी पटतो, लपवाछपवी पटत नाही

आधीच सांगतो, खाली खुनी कोण ते उघड केलंय. खेळायचा असेल तर खेळून मग वाचा.

क्वांटिक ड्रीम या कंपनीचा हा व्हिडिओ गेम 2010 मध्ये प्लेस्टेशन 3 वर आला. मुलांना पळवून पावसाच्या पाण्यात बुडवणारा आणि मागे ओरिगामी ठेवणारा खुनी कोण, हे त्यात शोधायचं असतं. मी 2019 ची पीसी आवृत्ती घेतली. आता बरेच महिने झाले, वेगवेगळे शेवट पाहून झाले, तरी गेम खुनी लपवताना फसवतो की नाही, हा धाकट्या भावाशी चाललेला वाद काही मिटलेला नाही.

पहिला मुद्दा ईथनचा, म्हणजे ज्याचा धाकटा मुलगा खुन्याने पळवलाय त्या बापाचा. मोठा मुलगा जेसन गाडीखाली गेल्यापासून त्याची मधूनच शुद्ध हरपते. भानावर येतो तेव्हा रस्त्यात उभा असतो आणि हातात कागदाची ओरिगामी. ती तिथे आली कशी? गेम शेवटपर्यंत सांगत नाही. आपला संशय ईथनवर जावा एवढ्यासाठीच हा खटाटोप, आणि काम झाल्यावर धागा तसाच लोंबकळत सोडलाय.

पण खरा राग आहे तो स्कॉट शेल्बीचा, म्हणजे खुन्याचा. माणूस म्हणून तो चोख लिहिलाय. 1977 मध्ये त्याचा भाऊ पावसाच्या पाण्यात बुडत असताना दारुड्या बाप जागचा हलला नाही. म्हणून मुलासाठी जीव टाकणारा बाप शोधत हा दुसऱ्यांची पोरं बुडवतो. वर डिटेक्टिव्ह बनून त्यांच्या घरच्यांकडून पुरावे गोळा करतो. का, ते शेवटी ते जाळताना कळतं. इथवर सगळं बसतं.

मग ते जुन्या वस्तूंचं दुकान. शेल्बीला आपणच चालवत असताना दुकानदार मॅनफ्रेडचा खून होतो, आणि तो नेमका क्षण कॅमेरा गाळतो. बरं, एक बटण दाबलं की पात्राच्या मनातलं ऐकू येतं. तिथेही शेल्बी निष्पापच!

माझा भाऊ म्हणतो, "दादा, तो मनातही नाटक करत असेल."

अरे, मनात कोणापुढे करणार नाटक? साक्षीदाराने खोटं बोलावं, हरकत नाही. निवेदकानेच खोटं बोललं तर तर्क लढवायचा कशाच्या जोरावर?

खुन्याच्या मागावर असलेली पत्रकार मॅडिसन तर त्याचं नाव ऐकून अशी हादरते, जणू जुनी ओळख. दोघांची भेटच झालेली नसते! यावर भावाकडेही उत्तर नाही.

तरी मुलाला वाचवण्यासाठी ईथनने स्वतःचं बोट कापायचा प्रसंग अजून अंगावर येतो. पाच मिनिटं, समोर कुऱ्हाड, करवत, कात्री. दीर्घ श्वास घ्यायचा तोही बटण दाबून. तेवढ्यासाठी घ्या, पण सेलमध्ये. आणि कंट्रोलर हवाच, माउसने हालचाली करताना जीव मेटाकुटीला येतो.