पार्नेली जोन्सची मस्टँग घ्यायची, पण कोणती?

पार्नेली जोन्स या अमेरिकन ड्रायव्हरने सत्तर साली ट्रान्स-ॲम या मोटारशर्यतींच्या मालिकेत पळवलेल्या फोर्ड मस्टँगसारखी दिसणारी, पण रोज सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी हवी असेल, तर अमेरिकेत आज तीन वाटा आहेत. एक, कॅलिफोर्नियातल्या सेलीन कंपनीने २००७ साली बनवलेली ‘पार्नेली जोन्स’ मस्टँग. दुसरी, फोर्डने स्वतः २०१२ आणि २०१३ या दोनच मॉडेल वर्षांत विकलेली बॉस ३०२. तिसरी, फ्लोरिडातल्या रेव्हॉलॉजीसारख्या कारखान्यात ऑर्डर देऊन साठच्या दशकातल्या आकारात नव्याने बांधून घेतलेली मस्टँग. तिन्हींत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आहे, आणि तिन्ही सिग्नलला उभ्या राहिल्या की शेजारच्या गाडीतली मुलं काच खाली करतात. माझा कल बॉस ३०२ कडे आहे, हे आधीच सांगतो.

मुळात ही सगळी धडपड ज्या गाडीसाठी चालली आहे ती समजून घ्यायला हवी. ट्रान्स-ॲमचा नियम असा होता की इंजिन पाच लिटरच्या आत हवं, आणि शर्यतीत जी गाडी उतरवायची ती शोरूममध्ये सामान्य गिऱ्हाइकालाही विकायला हवी. म्हणून फोर्डने १९६९ मध्ये ३०२ घनइंचाची, म्हणजे पाच लिटरला जरा कमी इंजिनाची, बॉस ३०२ आणली. साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग गावच्या बड मूर यांनी तिच्या शर्यतीच्या गाड्या तयार केल्या. १९७० च्या मोसमात १५ नंबरची गाडी पार्नेली जोन्सकडे आणि १६ नंबरची जॉर्ज फॉलमर या दुसऱ्या ड्रायव्हरकडे होती. पहिली शर्यत कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर झाली, ती जोन्सने जिंकली. अकरापैकी सहा शर्यती या दोघांनी मारल्या आणि अजिंक्यपद फोर्डकडे गेलं. शेवटच्या रिव्हरसाइडच्या शर्यतीत जोन्सची गाडी धक्का लागून ट्रॅकबाहेर गेली होती. चेपलेल्या पत्र्यासह तो परत आला आणि सगळ्यांना मागे टाकून पहिला आला. शोरूममधली गाडी आणि शर्यतीतली गाडी यांचं नातं इतकं जवळचं होतं, म्हणूनच पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही तिच्यासारख्या गाड्या बनतात. नवी गाडी पारखताना मी तेच नातं शोधतो.

सेलीनची गाडी पाहिल्याबरोबर माणूस प्रेमात पडतो, हे मान्य. भडक नारिंगी रंग, काळे पट्टे, आणि बॉनेटमधून वर आलेला स्कूप, म्हणजे इंजिनासाठी हवा घेणारं तोंड. हा स्कूप थेट इंजिनावर बसवलेला आहे, बॉनेटवर नाही. त्यामुळे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका अंगाला झुकतं आणि त्याबरोबर स्कूपही हलतो. ड्रायव्हरच्या सीटवरून डोळ्यांसमोर हे दिसतं, आणि मला ते फार आवडतं. साध्या मस्टँग जीटीचं ४.६ लिटरचं इंजिन सेलीनने वाढवून ३०२ घनइंचांवर नेलं. इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा सुपरचार्जर सहज लावता आला असता, तो लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. ताकद ४०० हॉर्सपॉवर. संख्या ५०० पर्यंतच ठेवायची हे आधीच ठरलेलं, आणि खुद्द जोन्सचं नाव गाडीवर. जोन्स जून २०२४ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी गेले, तेव्हापासून या गाडीकडे पाहण्याची माझीही नजर थोडी बदलली.

पण विकत घेणाऱ्याने पुढचं पाहावं. हे इंजिन मोजक्याच गाड्यांत बसलं. आतले खास सुटे भाग, पुढचा बंपर, तो स्कूप, यातलं काही तुटलं तर फोर्डच्या काउंटरवर मिळणार नाही. कोणी विकतोय का ते शोधत बसावं लागेल आणि तो मागेल ती किंमत मोजावी लागेल. एवढी दुर्मीळ गाडी ट्रॅकवर न्यायला हात धजावत नाही. मग ती गॅरेजमध्ये चादरीखाली जाते आणि रविवारी बाहेर येते. तुम्हाला तशीच गाडी हवी असेल, तर सेलीन घ्याच, पण विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. नेहमीच्या विम्यात तिला जुनी मस्टँग समजून पैसे देतील.

बॉस ३०२ ची गोष्ट वेगळी आहे. फोर्डच्या इंजिनियरांनी बीएमडब्ल्यूची एम३ समोर ठेवली आणि तिला ट्रॅकवर गाठायचं म्हणून ही गाडी बसवली. पाच लिटरचं इंजिन, ४४४ हॉर्सपॉवर, आणि ती पूर्ण ताकद ७४०० आरपीएमला. गिअर सहा, हाताचेच. ऑटोमॅटिकचा पर्यायच ठेवला नाही. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल मात्र अखंड, जुन्या पद्धतीचा. कागदावर हे मागासलेलं वाटतं, पण गुळगुळीत वळणावर गाडी अशी चिकटून जाते की विसर पडतो. खराब रस्त्यावर त्याची आठवण होते, तेव्हा कंबरेचा त्रास असलेल्यांनी जरा लांबची टेस्ट ड्राइव्ह घ्यावी. थंडीत पहिला-दुसरा गिअर अडखळत पडतो ही तक्रारही मालकांकडून ऐकू येते. तेल गरम होईपर्यंत घाई करायची नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या एका मित्राकडे २०१३ ची पिवळी बॉस आहे. तो पिवळा म्हणजे इथल्या शाळेच्या बसचा पिवळा. १९७० च्या जोन्सच्या गाडीची आठवण म्हणून फोर्डने तो २०१३ मध्येच दिला, आणि पट्टेही ७० सालच्या गाडीवरून घेतले. २०१२ चे पट्टे ६९ च्या गाडीवरचे आहेत. ट्रॅकवर जायच्या दिवशी त्याची तयारी पाहण्यासारखी असते. बॉनेट उघडायचं, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या टोकावर एक खाच आहे तिच्यात साधा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवायचा, टक् टक् असा पायरीपायरीने आवाज येतो. पाच पायऱ्या आहेत. मग डिकी उघडून मागच्या दोन्हींना तेच. पाच मिनिटांत गाडी कडक. संध्याकाळी घरी परतताना उलट फिरवलं की बायकोही कुरकुर न करता शेजारी बसते.

त्याच्याकडे किल्ल्या दोन आहेत, एक काळी आणि एक लाल. लाल किल्ली वेगळे पैसे भरून डीलरकडून चालू करून घ्यावी लागत असे. तिने गाडी सुरू केली की कॉम्प्युटर शर्यतीची मांडणी उचलतो आणि इंजिन उभ्या जागी जुन्या कॅमशाफ्टच्या गाडीसारखं लडखडत धडधडायला लागतं. सीटमधून ते पाठीला जाणवतं. काळी किल्ली लावा, तीच गाडी पुन्हा ऑफिसला जायला तयार. एकाच गाडीत या दोन्ही गोष्टी बसवणं म्हणजे मूळ बॉस ३०२ चाच विचार पुढे नेणं, असं मला मनापासून वाटतं.

मागच्या चाकांच्या पुढे दोन्ही बाजूंना एक्झॉस्टचे जादा पाइप आहेत. त्यांच्या आत बारीक भोकाची चकती असते, आवाज दाबण्यासाठी. बोल्ट सोडवून ती काढता येते, आणि काढल्यावरचा आवाज काय वर्णावा. फक्त एक लक्षात ठेवा. लागुना सेकाला बहुतेक ट्रॅक डेजना, म्हणजे फी भरून आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, आवाजाची मर्यादा नव्वद डेसिबलच्या आसपास असते आणि मोजणारा माणूस बसलेला असतो. चकत्या काढून गेलात तर काळा झेंडा दाखवून बाहेर बोलावतील, आणि भरलेली फी गेली. त्याच ट्रॅकच्या नावाची गाडी असली तरी.

नावाची म्हणतो, कारण बॉसचाच ‘लागुना सेका’ नावाचा आणखी कडक अवतार आहे. दर वर्षी साडेसातशेच्या आसपास निघाल्या. नवी असताना साधी बॉस चाळीस हजार डॉलरच्या थोडी वर होती आणि ही तिच्यापेक्षा साधारण सात हजारांनी महाग. मागची सीट काढून तिथे चेसिस घट्ट करणारी आडवी-तिरपी पट्टी टाकलेली आहे. घरात लहान मूल असेल तर विषयच संपला, कारण चाइल्ड सीट बसवायला जागा नाही. पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची पुढे आलेली पट्टी, इतका खाली आहे की घराचा ड्राइव्हवे चढताना खरवडतो. आठवडाभर चालवायची असेल तर साधी बॉस घ्या. महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जाणारे असाल, तरच लागुना सेका.

ऑर्डर देऊन बांधून घेतलेल्या गाडीचं थोडक्यात सांगतो. रेव्हॉलॉजी शेल्बी कंपनीच्या परवान्याने साठच्या दशकातल्या शेल्बी जीटी३५० या मस्टँगचा आकार नव्या पत्र्यात बांधते आणि आत फोर्डचं आजचं पाच लिटरचं इंजिन, एसी, चांगले ब्रेक देते. गंजाची भीती नाही, पाच मिनिटं चोक ओढून बसायचं नाही. काम अतिशय सुबक. किंमत मात्र दोन लाख डॉलरच्या वर जाते. एवढे पैसे ओतून गाडी ट्रॅकवर कोण घासणार? ज्यांना तो जुना आकारच डोळ्यांसमोर हवा आहे आणि पैशाची अडचण नाही, त्यांच्यासाठी याहून सुंदर काही नाही. त्यांनी ऑर्डर देण्याआधी आपल्या राज्यात नोंदणी कोणत्या वर्षाच्या नावावर होणार आणि धुराची चाचणी लागणार का, एवढं लेखी विचारून घ्यावं. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना चाचणी माफ आहे, त्यापुढच्यांना नाही, आणि इंजिनात बदल केलेल्या गाडीला परवानगीचा क्रमांक दाखवावा लागतो. सेलीन घेतानाही बॉनेट उघडून त्या क्रमांकाचं स्टिकर जागेवर आहे का, हे पाहा.

पुण्याहून मामेभाऊ दर दिवाळीला विचारतो, यातली एखादी इकडे आणता येईल का. नाही येणार. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते, आणि बॉस काय किंवा सेलीन काय, दोन्ही डाव्या स्टिअरिंगच्या आणि जुन्या. तिकडे २०१६ मध्ये फोर्डने अधिकृतपणे विकलेली पाच लिटरची मस्टँग सेकंडहँड मिळाली, तर तिलाच पट्टे मारून घे, असं मी त्याला सांगितलं आहे.

बॉस बघायला जाल तेव्हा मालकाकडे दोन्ही किल्ल्या मागा. लाल किल्ली हरवली असेल तर तेवढी किंमत कमी करून घ्या. डिकीतली अस्तराची चटई उचलून मागच्या शॉकच्या खाचा बघा. स्क्रूड्रायव्हरने झिजलेल्या असतील तर गाडी ट्रॅकवर बरीच पळाली आहे, मग ब्रेक आणि क्लचची चौकशी नीट करा. गाडी थंड असतानाच पोहोचा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर तासभर थांबा, चहा घ्या, आणि मग तुम्ही स्वतः लाल किल्ली फिरवा.