जावाचं 'लॉसी कन्व्हर्जन्स' लिंट: += ची गळती दाखवतं, पण सगळी नाही

टाइपच्या, म्हणजे व्हेरिएबलमध्ये कुठल्या प्रकारचा आकडा ठेवायचा याच्या बाबतीत जावा ही प्रोग्रामिंग भाषा कडक. इंटमध्ये (पूर्णांक) डबल (दशांश आकडा) कोंबायला गेलात तर कंपायलर दारातूनच परत पाठवतो. मागचं दार मात्र उघडं आहे, ते += चं (व्हेरिएबलमध्ये भर घालून उत्तर त्यातच ठेवणारी खूण). इंट 'एकूण' मध्ये ९९ असताना 'एकूण = एकूण + ९९ * ०.१८' लिहिलं तर एरर येते. तेच 'एकूण += ९९ * ०.१८' लिहिलं की मुकाट कंपाइल होतं आणि ११६.८२ ऐवजी ११६ हाती येतात. हे लूपमध्ये असेल तर फेरीगणिक पैसे गळतात. हा बग नव्हे. += मध्ये उत्तर डावीकडच्या टाइपमध्ये कास्ट होतं, म्हणजे न मावणारा भाग कापून बसवलं जातं, असा भाषेचाच नियम आहे.

जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) २० पासून (मार्च २०२३) कंपायलरला '-एक्सलिंट:लॉसी-कन्व्हर्जन्स' हा फ्लॅग देता येतो. त्यानं += मधल्या अशा काटछाटीवर वॉर्निंग देणारं लिंट, म्हणजे कोडची तपासणी, चालू होतं. तो आपोआप चालू नसतो, आणि ही गोष्ट खटकतेच. जुन्या प्रोजेक्टवर आधी '-डब्ल्यूएरर' (वॉर्निंगलाही एरर मानणारा फ्लॅग) शिवाय चालवा, नाहीतर बिल्ड तिथंच बसेल. शिवाय कंपायलर पहिल्या १०० वॉर्निंगच दाखवतो. '-एक्समॅक्सवॉर्न्स' ने आकडा वाढवा. चेकसमसारख्या (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) कोडमध्ये काटछाट मुद्दाम केलेली असते, तिथं त्या मेथडपुरतं वॉर्निंग दाबणारं 'सप्रेसवॉर्निंग्ज' लावलं की झालं. पैशांच्या कोडमध्ये मात्र वॉर्निंग दाबू नका, बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा टाइप) वापरा.

आता उणिवा. लिंट फक्त उजवीकडचा टाइप बघतं. दोन बाइट (इंटहून छोटा पूर्णांक) व्हेरिएबलमध्ये १००-१०० असतील तर += नंतर -५६ येतात, तरी ते गप्प. इंटमधला १६७७७२१७ फ्लोटमध्ये (डबलहून कमी अचूक दशांश) टाकला की १६७७७२१६ होतो, कारण फ्लोटकडे अचूकतेचे २४च बिट; पण हे 'वाइडनिंग' (मोठ्या पल्ल्याच्या टाइपमध्ये जाणं) म्हणून वैध, सबब वॉर्निंग नाही. 'लाँग सूक्ष्मसेकंद = २४ * ६० * ६० * १००० * १०००' यातही (लाँग म्हणजे इंटहून मोठा पूर्णांक) वॉर्निंग नाही: गुणाकार इंटमध्येच उरकतो आणि ८६४० कोटींच्या जागी ५०,०६,५४,०८० मिळतात. पहिल्या आकड्याला 'एल' जोडा, म्हणजे सगळा गुणाकार लाँगमध्ये होईल.

फुकटचं आणि एका फ्लॅगचं काम म्हणून पाचपैकी साडेतीन. इंटमध्ये उरकून लाँगमध्ये जाणाऱ्या हिशेबांसाठी जोडीला एरर प्रोन या चुका शोधणाऱ्या टूलचा 'इंटलाँगमॅथ' चेक लावावा. ओव्हरफ्लो (टाइपमध्ये न मावणारा आकडा) प्रोग्राम चालतानाच पकडायचा असेल तर जावा ८ पासूनचं 'मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट' आहेच, ते चुकीचा आकडा देत नाही, सरळ एक्सेप्शन फेकतं.